वजूनंतरची दोन मिनिटे

थंडीत फजरच्या वजूनंतर हातांची कातडी ताणल्यासारखी होते, टाचांच्या भेगांत पाणी झोंबते. इतके पाणी लागूनही त्वचा कोरडी कशी, असे अम्मी दर वर्षी विचारते. वारंवार धुण्याने त्वचेतले तेल आणि पाणी धरून ठेवणारे घटक निघून जातात. साबण आणि कढत पाणी त्यात भर घालतात.

म्हणून हातपाय टिपून, ते ओलसर असतानाच काहीतरी लावावे. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. नुसते लावले तर चिकटते, म्हणून गुलाबपाण्यात मिसळलेले बरे. ते वनस्पती तेलापासून बनते तसे जनावराच्या चरबीपासूनही. तेव्हा बाटलीवर ‘व्हेजिटेबल’ लिहिले आहे का ते पाहून घ्या. महागड्या सीरममधले हायलुरॉनिक अ‍ॅसिडही पाणी धरण्याचेच काम करते. १९३४ मध्ये ते प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळे काढले गेले. नाही परवडले तरी काही बिघडत नाही.

पेट्रोलियम जेली ओलावा देत नाही, आतला अडवते. तिच्या जाड थरातून पाणीही आत जात नाही, म्हणून ती इशानंतर झोपताना लावावी आणि फजरच्या वजूआधी साबणाने काढावी. टाचांना १० टक्के युरियाचे मलम चांगले, पण उघड्या भेगेवर आग होते. दादीला मधुमेह असेल तर भेगा घरी खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि शेजारणीने सुचवलेली ‘गोरे करणारी’ ट्यूब? अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, पुरळ येते, उन्हात जळजळते.