खालच्या कोपऱ्यातलं नाव

व्यक्तिचित्र रंगवणारा माणूस ब्रश कमी चालवतो आणि बघतो जास्त. नागपुरात एका ज्येष्ठ चित्रकाराच्या खोलीत बसून मी हे पाहिलं. समोर खुर्चीत निवृत्त शिक्षक. "गुरुजी, हनुवटी थोडी खाली घ्या नं. हां, बस्स." एवढं बोलून चित्रकार सर चार पावलं मागं जात आणि डोळे किलकिले करत. किलकिल्या डोळ्यांना बारकावे दिसत नाहीत. उजेडाचे आणि सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरतात, आणि माणूस आधी त्या तुकड्यांतच ओळखू येतो. नाक, डोळे, ओठ नंतरचे.

खिडकी उत्तरेची, कारण त्या उजेडात सावल्या फार सरकत नाहीत. पण मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यच नागपूरच्या उत्तरेला असतो. मग त्या खिडकीवरही पांढरा पडदा लावावा लागतो.

पहिल्या सिटिंगला कोळशानं बाह्यरेषा. मग तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सावल्या भरल्या. फडक्यानं पुसून उजेड काढला. त्या दिवशी चेहऱ्याला ना डोळे होते ना चष्मा, तरी गुरुजींच्या नातीनं दारातूनच "आबा!" म्हटलं. पुढच्या सिटिंगांना पांढरा, पिवळी माती, तांबूस माती आणि सिंदुरी असे रंग चपट्या ब्रशनं एकमेकांशेजारी ठेवले गेले. आपल्याकडच्या सावळ्या कातडीची सावली काळा मिसळून होत नाही. चेहरा मळकट दिसतो. सरांनी तिथं हिरवा आणि किंचित निळा घातला. पॅलेटवर तो हिरवा विचित्र वाटत होता. गालाखाली गेला आणि गालच उजळला.

रंगात कालवायचं ते जवसाचं तेल. विदर्भाला जवस काही परका नाही, चटणी घरोघरी असते. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत ते घट्ट होतं आणि त्याची चिवट कातडी बनते. म्हणून खालचे थर टर्पेंटाइनचे, कमी तेलाचे, आणि वरचे जास्त तेलाचे. क्रम उलटा केला तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. नागपूरच्या उन्हाळ्यात वरचा थर लवकर सुकल्यासारखा दिसतो, आत मात्र ओल असते. शेवटच्या व्हार्निशला सर सहा महिने तरी थांबतात. गिऱ्हाइकाची घाई ते ऐकून घेत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

अशा तैलचित्रांची ठळक उदाहरणं संसदेच्या जुन्या इमारतीत आहेत. तिथल्या मध्यवर्ती सभागृहातलं महात्मा गांधींचं तैलचित्र सर ऑस्वाल्ड बर्ली या ब्रिटिश चित्रकाराचं. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं ते २८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा. त्याच सभागृहातले लोकमान्य टिळक आपल्या गोपाळ देऊसकरांचे. नगरला १९११ साली जन्मलेले देऊसकर मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातली बालगंधर्वांची चित्रंही त्यांचीच. टिळक गेले १९२० साली, देऊसकर तेव्हा लहान मुलगा. १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीत, या चित्राचं अनावरण नेहरूंनी केलं. समोर बसवायला टिळक नव्हते, हाती राहिले ते काळेपांढरे फोटो. अंगाचा वर्ण, पगडीचा लाल, सावलीतला रंग यातलं काहीच असा फोटो सांगत नाही. ते चित्रकारानं आयुष्यभर जिवंत माणसं समोर बसवून कमावलेलं असतं. सिटिंगची सवय नसलेल्यानं फोटोवरून काढलेला चेहरा मला तरी रंगवलेला फोटोच वाटतो.

१९५६ सालीच नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याआधी, मध्य प्रांताच्या राजधानीच्या दिवसांत, इथल्या संस्थांनी, वाड्यांनी आपल्या वकिलांची, देणगीदारांची, घरातल्या वडीलधाऱ्यांची तैलचित्रं करून घेतली. अजूनही ती भिंतींवर दिसतात. चौकटीवरच्या पितळी पट्टीवर चित्रातल्या माणसाचं नाव असतं, पुष्कळदा देणाऱ्याचंही. काढणाऱ्याचं नसतं. बर्ली आणि देऊसकर यांची नावं संसदेच्या नोंदीत राहिली म्हणून मी ती इथं लिहू शकलो. बाकीच्यांची सही खालच्या कोपऱ्यात, तीही अनेकदा नव्या चौकटीखाली दडलेली. एवढ्या सिटिंगा घेऊन एखादा चेहरा उभा करणाऱ्याच्या वाट्याला हे येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरात, शाळेत, ग्रंथालयात असं चित्र असेल तर दोघांनी मिळून ते उतरवा. ओल्या फडक्यानं पुसू नका, घरी व्हार्निश मारू नका. खालचे कोपरे आणि पाठीमागचं कापड नीट पाहा, सहीचा आणि तारखेचा फोटो घ्या. चित्रकाराचं नाव संस्थेच्या नोंदवहीत लिहा आणि पितळी पट्टीवर एक ओळ वाढवा.