गावचा वळू किती वर्षे ठेवावा?

शेतकरी बंधूंनो, आपल्या ब्रह्मपुरीकडची लहानखुरी कठाणी गाय दूध थोडे देते; पण तिचे बैल धानाच्या चिखलात टिकतात. २०२२ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. जात राखायची म्हणजे एकच देखणा वळू वर्षानुवर्षे ठेवायचा काय? छे!

वासराला प्रत्येक गुणाची दोन बीजे मिळतात, एक आईचे, एक बापाचे. एक सदोष निघाले तर दुसरे निभावून नेते. पण वळू गावातच राहिला, की त्याचीच कालवड त्याच्यापासून गाभ जाते. मग चारांतल्या एका गुणाला वळूच्या एकाच बीजाच्या दोन नकला येतात. ते सदोष असले तर सावरणार कोण? गाय गाभडते, वासरू अशक्त निपजते. आणि आपण म्हणतो, नजर लागली!

अमेरिकेत १९६२ साली जन्मलेल्या चीफ नावाच्या वळूला सोळा हजार मुली झाल्या. दूध वाढले, पण त्याचा दडलेला दोष वंशात पसरून असंख्य गाभ पोटातच गेले.

म्हणून वळूच्या कालवडी माजावर येण्याआधीच तो दूरच्या गावच्या कठाणी वळूशी बदलावा. त्याचे गोऱ्हे वेळीच खच्ची करावेत. रेतन करून घेतल्यास वळूचा क्रमांक वहीत लिहावा. गुरुजींनी ही वही शाळेत ठेवली तर फारच बरे.