जुन्या मोटारीतील इंधनवाहिनीची गळती व दुरुस्ती

इंधनवाहिनी म्हणजे मोटारीच्या टाकीतील इंधन इंजिनापर्यंत पोहोचवणारी नळी होय. जुन्या मोटारींमध्ये ही नळी गंजणे, तिच्या रबरी भागाला चिरा पडणे किंवा तिचे जोड सैल होणे यांमुळे इंधनगळती सुरू होते. पेट्रोल अत्यंत ज्वलनशील असल्याने अल्प प्रमाणातील गळतीही आगीस कारणीभूत ठरू शकते. गळणारे छिद्र बाहेरून बुजवल्यास थेंब तात्पुरते थांबतात, परंतु नळीचा झिजलेला भाग तसाच राहतो. त्यामुळे सदोष भाग काढून तेथे योग्य प्रकारची नळी बसवणे हीच या दोषाची खरी दुरुस्ती मानली जाते. या लेखात प्रामुख्याने कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल मोटारींचा विचार केला आहे.

रचना

बहुतेक जुन्या मोटारींत टाकी मागे व इंजिन पुढे असते. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने तयार केलेली, फियाट ११०० डी या प्रतिमानावर आधारलेली प्रीमियर पद्मिनी हे याचे परिचित उदाहरण आहे. अशा मोटारीत इंधनवाहिनीचा मोठा भाग पोलादी नळीचा असून तो गाडीच्या तळाखालून जातो. इंजिन चालू असताना हादरत असल्याने पोलादी नळी त्याला थेट जोडता येत नाही, म्हणून इंजिनालगत लवचिक रबरी नळीचे तुकडे वापरले जातात.

इंजिनावर बसवलेला पडद्याचा यांत्रिक पंप टाकीतील पेट्रोल ओढून घेतो व कार्ब्युरेटरकडे ढकलतो. त्यामुळे वाहिनीचे दोन भाग पडतात. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग हा शोषणाचा, तर पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा भाग हा दाबाचा असतो. दाबाच्या भागातील दाब साधारणतः ०.२ ते ०.४ बार एवढाच असतो. इंधन-अंतःक्षेपण पद्धतीच्या मोटारीत मात्र विजेवर चालणारा पंप टाकीत किंवा टाकीजवळ असतो आणि इंजिनाकडे जाणाऱ्या वाहिनीत सुमारे ३ बार दाब असू शकतो.

गळतीची कारणे

पोलादी नळी बहुधा बाहेरून गंजते. चिखल व ओलावा साचून राहतो अशा जागी, विशेषतः नळीला तळाशी धरून ठेवणाऱ्या पकडींखाली, गंज प्रथम धरतो. पकड निसटल्यास नळी तळाच्या पत्र्यावर घासून झिजते. रबरी नळी उष्णतेने कडक होते व तिच्या टोकांशी बारीक चिरा पडतात. क्लॅम्प अतिशय घट्ट आवळल्यास त्याची पट्टी रबरात रुतून ते कापले जाते.

पेट्रोलमधील इथेनॉल हे आणखी एक कारण आहे. भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. जुन्या मोटारींतील रबरी भाग अशा मिश्रणाचा विचार करून बनवलेले नव्हते. इथेनॉलमुळे काही प्रकारचे रबर फुगते किंवा मऊ पडते. तसेच इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीत नळीला आतून गंज चढण्याची शक्यता वाढते.

लक्षणे व तपासणी

दाबाच्या भागातील गळती सहज ओळखता येते. इंजिन चालू असताना नळी ओली दिसते, थेंब पडतात व पेट्रोलचा वास येतो. शोषणाच्या भागातील दोष मात्र फसवा असतो. तेथे इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. परिणामी चढावर किंवा वेगात असताना इंजिन अडखळते, तसेच रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी लवकर सुरू होत नाही. हीच लक्षणे पंप निकामी झाल्यावरही दिसत असल्याने पंप बदलण्यापूर्वी नळी तपासणे इष्ट ठरते.

उन्हाळ्यात इंधनाची वाफ होऊन प्रवाह खंडित होण्याचा प्रकारही याच्याशी मिळताजुळता आहे. त्यावर उपाय म्हणून पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या चालकांची पद्धत होती. पंप थंड झाल्यावर मोटार पूर्ववत चालली, तर दोष वाफेचा असण्याची शक्यता अधिक असते. थंड हवेतही अडखळणे कायम राहिल्यास नळीत हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा लागतो.

सुरक्षितता

पेट्रोलचा ज्वलनांक सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस असल्याने कोणत्याही ऋतूत त्याची पेट घेऊ शकणारी वाफ तयार होत असते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना ती पेट घेते. वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व दुरुस्तीच्या खड्ड्यात साचून राहते. म्हणून हे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि बॅटरीची ऋण तार काढून केले जाते. जवळ ज्योत, विडी-सिगारेट किंवा उघडा विजेचा दिवा असू नये आणि कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक हाताशी असावे. टाकीपेक्षा खालच्या पातळीवर नळी उघडल्यास पेट्रोल आपोआप वाहू लागते, त्यामुळे नळीचे टोक बंद करण्यासाठी बूच तयार ठेवावे लागते. नळी जागेवर असताना तिला झाळकाम किंवा वेल्डिंग करणे अत्यंत धोक्याचे आहे. रिकामी दिसणारी टाकीही आतील वाफेमुळे स्फोटक असते.

दुरुस्तीची पद्धत

रबरी नळी ओढून काढण्याऐवजी तिच्या टोकाशी उभा छेद देऊन सोडवली जाते, त्यामुळे पंपाची किंवा कार्ब्युरेटरची तोटी वाकत नाही. नवी नळी मूळ नळीच्याच आतील व्यासाची असावी लागते. इंधनाच्या नळ्यांसाठी अमेरिकेतील एसएई या संस्थेचे जे३० हे मानक प्रचलित असून त्यातील आर७ हा प्रकार कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, आर९ हा अंतःक्षेपणाच्या जास्त दाबासाठी, तर आर१० हा टाकीत बुडालेल्या भागासाठी असतो. इथेनॉलमिश्रित इंधनासाठी फ्लोरोइलास्टोमरचे आतील अस्तर असलेली नळी अधिक टिकाऊ ठरते. पाण्याची किंवा हवेची नळी या कामी चालत नाही, कारण पेट्रोलमुळे ती लवकरच फुगून फाटते. क्लॅम्प तोटीवरील उंचवट्याच्या मागे बसवला जातो. गोलसर कडांची अखंड पट्टी असलेला क्लॅम्प रबर कापत नाही.

पोलादी नळी एका ठिकाणी गंजली असल्यास उरलेली नळीही बहुधा कमजोर झालेली असते, म्हणून शक्यतो संपूर्ण नळी बदलली जाते. नवी नळी जुन्या नळीच्याच मार्गाने, धूरनळीपासून दूर आणि रबरी अस्तराच्या पकडींत बसवली जाते. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी सहज वाकते व गंजत नाही. याउलट शुद्ध तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, शिवाय तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोलमध्ये चिकट साका लवकर तयार होतो. थोडाच भाग बदलायचा असल्यास नळी-कटरने सरळ काप घेऊन टोकांना उंचवटा काढला जातो व दोन्ही टोके इंधनयोग्य रबरी नळीने जोडली जातात. उंचवट्याविना केवळ आवळून बसवलेली नळी दाबाखाली निसटू शकते.

तात्पुरते उपाय

रस्त्यात गळती उद्भवल्यास छिद्रावर साबण दाबून बसवण्याचा उपाय वाहनचालक पूर्वीपासून करत आले आहेत. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे थेंब काही काळ थांबतात. इपॉक्सी लुगदीचाही असाच वापर होतो. मात्र हादरे व उष्णता यांमुळे हे थर सुटतात आणि चालकाच्या नकळत गळती पुन्हा सुरू होते. पेट्रोल धूरनळीवर किंवा विजेच्या तारांजवळ गळत असल्यास मोटार न चालवता ओढून नेणेच सुरक्षित असते.

दुरुस्तीनंतरची तपासणी

सांडलेले पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच बॅटरी जोडली जाते. इंजिन चालू करून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरल्यास अगदी बारीक गळतीही डागाच्या रूपाने दिसते. इंजिन तापल्यावर आणि मोटार रात्रभर उभी राहिल्यानंतर ही तपासणी पुन्हा केली जाते, कारण काही जोड केवळ गरम असताना, तर काही थंड झाल्यावरच गळतात.