नेच्यावरची अळी आणि तिचे नाव

दक्षिण व मध्य यूरोपापासून पूर्वेस जपानपर्यंत 'कॅलोपिस्ट्रिया जुव्हेंटिना' हा लहानसा पतंग आढळतो. तो नॉक्टुइडी कुलातील असून त्याची अळी नेच्यांवर वाढते. ह्याच प्रजातीतील इतर काही जाती भारतातही आहेत. प्रजातीच्या ग्रीक नावाचा अर्थ 'नटणारी' असा होतो. तिला पूर्वी 'एरिओपस', म्हणजे 'लोकरपाया', असेही एक नाव होते. कारण नराच्या पायांवर केसांचे झुबके असतात. दोन्ही नावे प्रौढ कीटकाकडे पाहून ठेवलेली आहेत. अळीच्या आहाराचा त्यांत मागमूसही नाही, आणि खरे नवल तर त्या आहारातच आहे.

सपुष्प वनस्पतींच्या मानाने नेच्यांवर उपजीविका करणारे कीटक थोडे. पुष्कळ नेच्यांत कीटकांना अपायकारक द्रव्ये असतात. कीटकाच्या शरीरात कात टाकण्याची क्रिया घडविणारे जे संप्रेरक असते, त्याच्याच जातीची द्रव्ये काही नेच्यांत सापडतात, हे १९६० नंतरच्या दशकात उघडकीस आले. अशा पानांवर जी अळी निर्वेधपणे वाढते, तिच्यापाशी ही द्रव्ये पचविण्याची वा टाळण्याची काही सोय असली पाहिजे.

आता रत्नागिरीकडे येऊ. पावसाळ्यात येथील जांभ्याचे गडगे नेच्यांनी हिरवे होतात. नेच्यांना मराठीत नावे नाहीत असे नाही. झाडाच्या खोडाला बिलगून वाढणाऱ्या 'ड्रायनेरिया'ला आपण बाशिंग म्हणतो; त्याची तपकिरी, ताठ पाने पाहणाऱ्याला ह्या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. काळ्या देठाचा औषधी हंसराजही सर्वांच्या परिचयाचा आहे. पतंगाकडे वळले की मात्र भाषा हात आखडता घेते. संस्कृतात 'पतंग' म्हणजे उडणारा. पक्षी आणि सूर्य हेही त्याचे अर्थ. गीतेच्या अकराव्या अध्यायातील पतंग ज्वालेकडे झेपावतात, आणि मराठीतही त्याची ओळख दिव्याशीच जोडलेली राहिली. दिवसा तो काय करतो, अळी असताना काय खात होता, हे नावाने कधी विचारलेच नाही.

अपवाद आहे तो शेतीचा. भाताचा खोडकिडा, लष्करी अळी, पाने गुंडाळणारी अळी ही नावे पाहावीत. हे सारे पतंगच. पण नाव मिळाले ते अळीला, आणि तेही तिने केलेल्या नुकसानीवरून. प्रौढ झाल्यावर ती पुन्हा निनावी 'पतंग' होते. ह्याला इंग्रजीतही दाखला आहे. अमेरिकेत शोभेच्या नेच्यांची लागवड करणाऱ्यांना कॅलोपिस्ट्रियाचीच एक जाती उपद्रव देऊ लागली, तेव्हा तिला 'फ्लॉरिडा फर्न कॅटरपिलर' हे नाव पडले. नेचा विकाऊ झाला, आणि अळी नावारूपास आली!

आमच्या पाठ्यपुस्तकांसाठी कोणी 'नेचाभक्षी शलभ' असा शब्द घडविला तर तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरेल. मला तो निर्जीव वाटतो. शिवाय 'शलभ' म्हणताच टोळाचाही अर्थ मागे लागतो. 'भातावरची अळी' ह्या धर्तीवर 'नेच्यावरची अळी' म्हणणे सरळ. मात्र बोलींत याहून नेमका शब्द नाहीच, असे गृहीत धरू नये. आपल्या शब्दसंग्राहकांच्या प्रश्नावलीत 'पतंगाला काय म्हणता?' एवढेच विचारले जाते, आणि उत्तर दिव्याजवळचेच मिळते. त्याऐवजी श्रावणात, दिवसाउजेडी, कुरतडलेल्या पानाशी माहीतगारास नेऊन विचारावे. आणि वनस्पतीचे नाव त्याच नोंदपत्रावर, त्याच्याच तोंडच्या शब्दात, टिपून घ्यावे.