लहान रचना, लेखांक ४ : ग्रीगची दहा पुस्तकं

गेल्या आठवड्यात आपण शोपँच्या २४ प्रेल्यूड्सपाशी थांबलो होतो. आता उत्तरेला जाऊ, नॉर्वेच्या पावसाळी किनाऱ्यावरच्या बर्गनला. एडवर्ड ग्रीगचा जन्म तिथे १८४३ साली झाला. पियानोचे पहिले धडे त्याला आईने दिले. पुढे ओले बुल या नामवंत व्हायोलिनवादकाने मुलाचं वाजवणं ऐकलं, आईवडिलांना गळ घातली आणि पंधराव्या वर्षी एडवर्ड लाइपझिगच्या संगीतशाळेत दाखल झाला. तिथेच १८६० मध्ये आजारपणाने त्याचं डावं फुप्फुस निकामी केलं. उरलेल्या एका फुप्फुसाच्या बळावर त्याने पुढे युरोपभर मैफली केल्या.

‘लिरिक पीसेस’चं पहिलं पुस्तक १८६७चं, दहावं १९०१चं. एकूण ६६ रचना, बहुतेक तीन-चार मिनिटांत संपणाऱ्या. पहिल्या पुस्तकातल्या पहिल्याच ‘आरिएट्टा’ची धून शेवटच्या पुस्तकातल्या शेवटच्या रचनेत वॉल्ट्झच्या तीन मात्रांत परत येते. मधे ३४ वर्षं गेलेली असतात.

घरोघरच्या पियानोवर या रचना इतक्या वाजल्या, की त्यांना गोड आणि सोप्या म्हणून बाजूला सारण्याची सवय लागली. हा अन्याय आहे.

ग्रीगचं कान देऊन ऐकावं असं काम स्वरसंगतीत आहे. वरच्या षड्जावरून शुद्ध निषाद आणि तिथून थेट पंचम, ही उतरती स्वरावली म्हणजे त्याची सहीच. १८६८च्या पियानो कॉन्सर्टोची सुरुवात तीच आहे. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला वाजवायच्या तारांखाली आपल्या सारंगीसारख्या तरफा असतात. त्या वाद्याच्या संगीतात मागे सतत गुंजणारे स्वर आणि तीव्र मध्यम वारंवार भेटतात, आणि ग्रीगने ते पियानोवर आणले. १८९१च्या पाचव्या पुस्तकातली ‘क्लोकेक्लांग’, म्हणजे घंटानाद, ऐका. दोन्ही हात सा-पच्या अंतराच्या जोड्या एकामागून एक वाजवत राहतात. अशा समांतर पंचमांना तेव्हाच्या स्वरसंगतीच्या पाठांत मनाई होती. इथे धून जवळजवळ नाहीच, उरतो तो निव्वळ नाद. पाण्याखालून येणाऱ्या घंटांचा देब्यूसीचा प्रसिद्ध प्रेल्यूड यानंतर जवळपास वीस वर्षांनी आला.

यातल्या बऱ्याच रचना बर्गनजवळच्या ट्रोल्डहाउगेनच्या घरी झाल्या. १८८५ पासून ग्रीग आणि त्याची गायिका पत्नी नीना तिथे राहत. घरात पाहुण्यांची वर्दळ असे, म्हणून त्याने खाली तळ्याकाठी एक लाकडी खोपटं बांधून घेतलं. आत पियानो, लिहायचं टेबल आणि पाण्याकडे उघडणारी खिडकी. ग्रीग उंचीने जेमतेम पाच फूट, त्यामुळे पियानोपुढे बसताना तो बेथोवनच्या सोनाटांचा जाड ग्रंथ खाली घेई. निघताना टेबलावर चिठ्ठी ठेवून जाई : कोणी आत शिरलंच तर स्वरलिपीचे कागद तेवढे राहू द्यावेत, त्यांची किंमत माझ्याखेरीज कोणालाच नाही.

१९०३ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने पॅरिसमध्ये ग्रामोफोनसाठी आपल्या काही रचना स्वतः वाजवल्या. त्या काळच्या तबकडीवर मोजकी मिनिटंच मावत, आणि ‘फुलपाखरू’ व ‘वसंतास’ त्यात बसल्या. खरखरीतूनही त्याचं वाजवणं स्पष्ट कळतं : चपळ, कुठेही न रेंगाळणारं. आज या रचना हळव्या संथपणे वाजवणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं.

पुढच्या आठवड्यात पॅरिसमध्येच राहू, एरिक सातीच्या सोबतीने.