त्सुनामीचा इशारा आणि भूकंपाच्या उगमाचे शीघ्र अनुमान

प्रस्तावना :
२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी उत्तर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यालगत भूकंप झाला. पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने पंधरा मिनिटांत त्याची महत्ता (मॅग्निट्यूड) ८.० असल्याचे कळविले. सुमारे तासाभराने हा आकडा ८.५ झाला, तो ९.० च्या जवळ पोहोचण्यास आणखी काही तास लागले. तोपर्यंत लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या होत्या. महत्ता एका एककाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे लक्षात घेतल्यास या तफावतीचे गांभीर्य स्पष्ट होते.

अनुमान कमी येण्याचे कारण :
शीघ्र पद्धतीत प्रारंभीच्या, कमी आवर्तकालाच्या लहरींवरून महत्ता काढली जाते. अतिप्रचंड भूकंपात या लहरींची उंची एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. यालाच संपृक्तता म्हणतात. शिवाय २००४ चा प्रस्तरभंग हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा होता व तो पूर्ण तुटण्यास आठ ते दहा मिनिटे लागली. घटनाच पूर्ण झालेली नसताना तिचे पूर्ण माप मिळणे शक्य नसते.

भूकंपाचे खरे आकारमान खडकांची दृढता, तुटलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ व सरासरी सरकण यांच्या गुणाकाराने, म्हणजेच भूकंपीय मोमेंटने, ठरते. हिरू कानामोरी यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलेल्या दीर्घ आवर्तकालाच्या ‘डब्ल्यू फेज’ लहरींवरून हे मोमेंट व प्रस्तरभंगाची दिशा काही मिनिटांत काढता येते. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीद्वारे जमिनीचे कायमचे विस्थापनही मोजता येते. या मापनास संपृक्ततेची अडचण येत नाही.

केवळ महत्ता पुरेशी नाही :
११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस ८.६ महत्तेचा भूकंप झाला. परंतु त्यातून विनाशकारी त्सुनामी उद्भवली नाही. येथे खडक प्रामुख्याने आडवे सरकले, त्यामुळे समुद्रतळ फारसा वर उचलला गेला नाही. म्हणून स्थान व महत्ता यांबरोबरच नाभीची खोली आणि सरकण्याचा प्रकार जाणणे आवश्यक ठरते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ पासून कार्यरत असलेली यंत्रणा भूकंपमापनास समुद्रपातळीच्या नोंदींची जोड देते, ती यासाठीच. अंदमान-निकोबारला मुख्य भूमीच्या तुलनेत फारच थोडा अवधी मिळतो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
११ मार्च २०११ रोजी जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला. मात्र प्रारंभिक महत्ता ७.९ धरल्याने मियागी प्रांतासाठी ६ मीटर लाटेचा अंदाज वर्तविला गेला. तो १० मीटरहून अधिक असा सुधारण्यास २८ मिनिटे लागली. प्रत्यक्षात भूकंप ९.० महत्तेचा होता. या अनुभवानंतर २०१३ पासून, महत्ता ८ हून अधिक असण्याची शक्यता असल्यास पहिल्या इशाऱ्यात मीटरमधील आकड्याऐवजी ‘प्रचंड’ असा शब्द वापरण्याची पद्धत तेथे स्वीकारण्यात आली. शीघ्र अनुमान अपूर्ण असणारच. ती अपूर्णता इशाऱ्यातच व्यक्त करणे हा लोकांच्या सुरक्षिततेचा भाग होय. लहानसा आकडा ऐकून निर्धास्त झालेल्या माणसापर्यंत सुधारित इशारा वेळेत पोहोचेलच, याची खात्री देता येत नाही.