श्रवण आधी, यंत्र नंतर

श्रावण लागला की जिंतूर तालुक्यातील गावोगावी हरिनाम सप्ताहाची तयारी सुरू होते. मंडप, वीणेचा पहारा, काल्याची पंगत हे सारे ठरते आणि मग बैठकीत ध्वनिवर्धकाचा विषय निघतो. अँप्लिफायर उघडून त्यात थोडे काम करून घेऊ, त्याची ताकद दुप्पट करू, इको बसवू, असे कोणी उत्साहाने सुचवितो. यंत्र जुनेच राहावयाचे. केवळ त्याच्या पोटातील भाग बदलावयाचे आणि त्यासाठी कापूस-सोयाबीन विकून लोकांनी दिलेल्या वर्गणीतून वेगळी रक्कम काढावयाची. हा खर्च सार्थ आहे काय, याचा विचार उत्सवाच्या तोंडावर होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. म्हणजे बोलणाऱ्याआधी ऐकणाऱ्याचा मान. तेव्हा यंत्राचा आवाज किती मोठा, हा प्रश्नच नव्हे. मंडपाच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या वृद्धेस पूर्वरंगातील प्रत्येक शब्द कळला की नाही, एवढीच कसोटी.

श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात संस्काराचे दोन प्रकार मानले आहेत : वस्तूत नवा गुण घालणे, ते गुणाधान, आणि असलेला दोष काढणे, ते दोषापनयन. आरसा घासला की त्याचे मूळचेच तेज प्रकटते, हा दाखला तेथे येतो. यंत्रावरील संस्कारांसही हाच विवेक लावावा.

दोष काढण्यासाठी दिलेला पैसा वाया जात नाही. अँप्लिफायरमधील मोठे कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात आणि मग बोलण्यामागे एकसारखी घरघर ऐकू येते, ते बदलावेत. माईकच्या वायरचे सुटलेले टाके पुन्हा सोल्डर करून घ्यावेत. स्पीकरची वायरही तपासावी. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरने आठ ओहमचा स्पीकर शंभर मीटरवर जोडला, तर सुमारे तीस टक्के शक्ती वायर तापविण्यातच खर्च होते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हा तोटा निम्म्यावर येतो.

गुण वाढविण्याच्या आश्वासनांची गोष्ट मात्र निराळी. शंभर वॅटचे यंत्र दोनशे वॅटचे केले, तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानास तो जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा भासावा, तर शक्ती सुमारे दहापट लागते. उलट उघड्यावर स्पीकर आणि श्रोता यांतील अंतर निम्मे केले, तर सहा डेसिबल मिळतात. यंत्राकडून तेवढी वाढ घ्यावयाची तर शक्ती चौपट करावी लागेल. भोंगा उचलून पुढे बांधण्यास काय लागते? शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. जो आवाज सोडावयाचाच नाही, तो विकत कशासाठी घ्यावा?

इकोविषयी तर आमचे मत स्पष्ट आहे. चारठाण्यासारख्या ठिकाणची दगडी देवळे पाहिलेल्या वाचकांस पाषाणाचा घुमारा ठाऊक असेल. अशा सभामंडपात पहिले अक्षर विरण्यापूर्वीच दुसरे येऊन आदळते. त्यात यंत्राने आणखी प्रतिध्वनी मिसळावयाचा, म्हणजे जखमेवर मीठ. सकार-शकारांतील भेद तर मुळातच नाजूक. तो पुसला गेला की 'स्वजना'चा 'श्वजन' होतो आणि सोयरे श्वानांच्या पंक्तीस जाऊन बसतात! अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1895 च्या सुमारास वॉलेस सबाइन यांनी एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला, तो आसनांवरच्या गाद्या आणून आणि काढून. मऊ वस्तू आणि माणसे ध्वनी शोषून घेतात, हे त्यांनी मोजून दाखविले. आपल्या सतरंज्या आणि घोंगड्या हेच काम फुकट करतात.

तरीही एखादा कारागीर ठामपणे म्हणेल, 'बदल केल्यावर आवाज गोड झाला.' त्याच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. पण कानावर मनाची सत्ता चालते. 1987 साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने स्वस्त-महाग अँप्लिफायर श्रोत्यांस नावे न सांगता ऐकविले, तेव्हा त्यांतील भेद त्यांना खात्रीने ओळखता आला नाही. समितीनेही असेच करावे. एक बदललेला आणि एक न बदललेला असे दोन संच पडद्याआड ठेवावेत. दोहोंचा आवाज सारखा करावा, कारण किंचित मोठा असलेला संच नेहमीच सरस वाटतो. मग सकल-शकल, कल-खल, दिन-दीन असे शब्द बोलून मागच्या ओळीतील श्रोत्यांस विचारावे. ज्या संचातून अधिक शब्द अचूक पोहोचतील, त्यालाच पैसे द्यावेत. फरक न पडल्यास नम्रपणे नकार द्यावा.

वाचलेल्या रकमेस वाट सापडणार नाही, अशी चिंता नको. काल्याच्या दिवशी पंगतीत चार पाने अधिक मांडावीत. आणि ज्यांचे कान वयोमानाने मंद झाले आहेत, त्यांच्यासाठी पहिल्या ओळीत सतरंजी अंथरून ठेवावी.